आधी फोटो, मग हात: ठिसूळ हाडं, दुखावलेली मान आणि कोरियाचं पारंपरिक वैद्यक

२०११ सालच्या एप्रिलमध्ये दक्षिण कोरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष रो ते-वू खोकल्याने हैराण होऊन रुग्णालयात दाखल झाले. छातीचा फोटो काढला तर फुप्फुसाच्या जागी एक सरळ, लख्ख रेघ. ती होती साडेसहा सेंटीमीटर लांबीची ॲक्युपंक्चरची सुई. सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉक्टरांनी ती काढली. पण ती कुणी टोचली आणि श्वासनलिकेपर्यंत पोचली कशी, याचं धड उत्तर देशाला शेवटपर्यंत मिळालं नाही.

कोरियन पारंपरिक उपचार सुरक्षित आहेत का, असा विषय निघाला की पुष्कळांना ही सुईच आठवते. किस्सा खरा आहे आणि विसरण्यासारखा नाही. पण हाडं ठिसूळ झालेली आहेत, त्यात पडल्यामुळे किंवा गाडीच्या धक्क्यामुळे मान दुखावली आहे, अशा माणसाच्या बाबतीत सुई ही दुसऱ्या नंबरची काळजी. पहिल्या नंबरला येतात ते उपचार करणाऱ्याचे हात.

समजा, बुसानमध्ये राहणारी बहात्तर वर्षांची एक आजी. न्हाणीघरात पाय घसरला, कपाळ बेसिनच्या कडेला आपटलं, टेंगूळ आलं. रात्री मान अवघडली. तिनं मुलाला फोन केला नाही, उगाच तो काळजी करेल म्हणून. सकाळी बाजारापलीकडच्या ओळखीच्या दवाखान्यात गेली. गुडघ्यांसाठी ती वर्षानुवर्षं तिथेच जाते. तिथला गरम गादीचा पलंग, काढ्याचा वास, नावानिशी चौकशी करणारे वैद्यबुवा, सगळं घरच्यासारखं. कोरियन भाषेत सुया टोचून घेण्याला ‘चिम मात्ता’ म्हणतात, आणि अंगावर पाऊस घेण्यालाही हेच ‘मात्ता’ क्रियापद वापरतात. उपचार अंगावर घ्यायचा, सरीसारखा. आजीला त्यात भीतीदायक काही वाटत नाही, आणि एरवी वाटायचं कारणही नसतं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. हा रस्त्याकडेच्या तंबूतला जडीबुटीवाला नव्हे. कोरियात १९५१ सालच्या कायद्यापासून वैद्यकाच्या दोन समांतर वाटा आहेत: एक आपल्याकडे ॲलोपॅथी म्हणतात ती, दुसरी ‘हानुइहाक’. दुसऱ्या वाटेनं जाणाऱ्याला सहा वर्षांचं महाविद्यालयीन शिक्षण आणि सरकारी परवाना लागतो. अशा वैद्याला ‘हानुइसा’ म्हणतात आणि त्याच्या दवाखान्याला ‘हानुइवॉन’. आपल्याकडचे बीएएमएस डॉक्टर डोळ्यांसमोर आणले तर साधारण कल्पना येईल, मात्र तिथे दोन वाटांमधली भिंत आपल्यापेक्षा बरीच उंच आहे. या परंपरेचा मोठा आधारग्रंथ म्हणजे राजवैद्य हॉ जुन यांनी सिद्ध केलेला, १६१३ साली छापलेला पंचवीस भागांचा ‘दोंगुइ बोगाम’. २००९ साली युनेस्कोनं त्याची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. सुया, सरकारी आरोग्य विम्यात, १९८७ पासून आहेत. गाडीच्या अपघाताच्या विम्यातून हे उपचार १९९९ पासून मिळतात, आणि २०२१ साली तर अपघातग्रस्तांच्या पारंपरिक उपचारांवरचा खर्च आधुनिक उपचारांवरच्या खर्चाच्याही पुढे गेला. त्यामुळे सोलमध्ये मागून गाडी धडकली आणि मान दुखू लागली, तर माणूस हानुइवॉनच्या पायऱ्या चढण्याची शक्यता भरपूर. तिथल्या पाट्यांवर ‘वाहन अपघातानंतरचे त्रास’ ही ओळ ठळक अक्षरांत लिहिलेली असते.

आता आजीच्या मानेत शिरू.

मानेत सात मणके. वरचे दोन बाकीच्यांपेक्षा वेगळे. पहिला नुसती कडी आहे, तिच्यावर डोकं बसतं. दुसऱ्या मणक्यातून एक हाडाची खुंटी वर निघते आणि त्या कडीत शिरते. जातं पाहिलेल्यांना पटकन कळेल: खालच्या दगडात मधोमध खीळ असते, वरचा दगड तिच्याभोवती फिरतो. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो त्यातलं जवळजवळ अर्धं फिरणं या एकाच सांध्यात होतं. खुंटीच्या लगेच मागे मज्जारज्जू, म्हणजे मेंदूपासून खाली जाणाऱ्या सगळ्या तारांची जुडी.

वय वाढतं तसं दोन गोष्टी एकदम घडतात. मानेच्या खालच्या भागातले सांधे झिजून ताठर होतात, त्यामुळे हालचालीचा भार वरच्या त्या जोडीवर जास्त पडतो. आणि खुंटीचं बूड आतून पोकळ होत जातं. वरचा भार वाढला आणि नेमका तोच खांब पोखरला गेला. म्हणूनच पासष्टी-सत्तरीनंतर मानेचा जो मणका मोडतो तो बहुधा हाच, दुसरा, आणि बुडाशी. त्यासाठी मोठा अपघात लागत नाही. उभ्या उभ्या तोल जाऊन तोंडावर पडणं पुरतं. कपाळावरचं टेंगूळ म्हणजे नुसतं टेंगूळ नव्हे. मान झटक्यात मागे गेली होती याची ती पावती असते.

ठिसूळ हाडांच्या आजाराला कोरियन भाषेत ‘गोल्दागोंग्जुंग’ म्हणतात. शब्द फोडला तर ‘हाडात-पुष्कळ-भोकं-रोग’. आपल्या आयुर्वेदात अस्थिसौषिर्य शब्द आहे. सुषिर म्हणजे पोकळ, छिद्रं असलेलं, बासरी जशी सुषिर वाद्य. दोन्ही भाषांना एकच चित्र दिसलं. मात्र हे चित्र रुग्णाला स्वतःला दिसत नाही, कारण भोकं पडताना दुखत नाही. हाड मोडतं तेव्हाच कळतं.

मग मोजून का घेत नाही? घेतात. हाडांची घनता डेक्सा यंत्रावर मोजतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ सालच्या निकषानुसार टी-स्कोर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली गेला की आजार आहे असं धरतात. कोरियात सरकारी तपासणीत महिलांची ही मोजणी वयाच्या ५४ व्या आणि ६६ व्या वर्षी होते. २०२५ पासून ६० वं वर्षही जोडलं. पण इथे दोन खाचाखोचा आहेत. मोजतात ते कंबरेचे मणके आणि खुबा. मान कुणी मोजत नाही. आणि म्हाताऱ्या कंबरेच्या मणक्यांना झिजेमुळे हाडाचे काटे फुटलेले असतात, पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीत चुना साचलेला असतो. यंत्र तोही जमेस धरतं आणि आकडा असतो त्याहून बरा दिसतो. म्हणजे ‘माझा रिपोर्ट ठीक होता’ हे वाक्य पडलेल्या माणसाच्या मानेबद्दल फारसं काही सांगत नाही.

एक नियम मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. २००१ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी इजेनंतर मानेचा फोटो कुणाचा काढायचा आणि कुणाचा नाही यासाठी एक साधी चाळणी तयार केली. त्यात पहिलाच प्रश्न: वय पासष्ट किंवा जास्त आहे का? असेल तर पुढचे प्रश्न विचारत बसायचं नाही, थेट फोटो. हातापायांना मुंग्या येत असतील तरी थेट फोटो. मान पंचेचाळीस अंश वळवून दाखवा वगैरे परीक्षा तरुण आणि कमी धोक्याच्या माणसांसाठी. आणि फोटो म्हणजे शक्यतो सीटी स्कॅन, कारण साध्या एक्स-रेमध्ये दात, जबडा, कवटी एकमेकांवर येतात आणि खुंटीच्या बुडाची बारीक चीर त्या गर्दीत सहज दडते.

बुसानच्या आजीचा खरा पेच इथे आहे. ती गेली आहे तिथे एक्स-रे यंत्र बहुधा नाही.

वैद्याला नको असतं म्हणून नव्हे, कायद्यानं त्याला बराच काळ मनाई होती म्हणून. हानुइसानं एक्स-रेवर चालणारं हाडांच्या घनतेचं यंत्र वापरलं म्हणून खटला चालला आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल त्याच्या विरोधात दिला. पुढे वारं बदललं. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयानं सोनोग्राफीच्या बाबतीत वैद्यांच्या बाजूनं कौल दिला. जानेवारी २०२५ मध्ये सुवोनच्या अपिलाच्या न्यायालयानं एक्स-रे घनतामापकाच्या खटल्यात वैद्याची निर्दोष सुटका कायम केली. दोन्ही बाजूंच्या डॉक्टर संघटना यावर हमरीतुमरीवर येतात. ‘त्यांना फोटो वाचता येतो का’ असं एक बाजू विचारते, ‘फोटोशिवाय उपचार करायला लावणं जास्त धोक्याचं नाही का’ असं दुसरी. मला दोन्ही प्रश्न रास्त वाटतात. रुग्णाच्या दृष्टीनं मात्र गोष्ट सरळ आहे: फोटो कुणीही काढो, पण मानेला हात लागण्याआधी काढो. कोरियात २०१० पासून दोन्ही प्रकारचे डॉक्टर एकाच रुग्णालयात काम करू शकतात, आणि अशा मोठ्या जागी वरच्या मजल्यावर सुया, खालच्या मजल्यावर स्कॅन अशी सोय असते. गल्लीतल्या छोट्या दवाखान्यातून निदान एक चिठ्ठी तरी मिळायला हवी: आधी तिकडे जाऊन या.

आता उपचारांकडे. ‘कोरियन वैद्यक सुरक्षित आहे का’ हा प्रश्न ‘स्वयंपाकघर सुरक्षित आहे का’ असं विचारण्यासारखा आहे. विळीबद्दल विचारताय, गॅसबद्दल की मिठाच्या बरणीबद्दल?

सगळ्यात जपून राहावं असा प्रकार म्हणजे ‘चुना’. मराठी माणसाला हसू येईल, पण याचा पानाशीही संबंध नाही आणि लावण्याशीही नाही. शब्दाचा अर्थ ढकलणं-ओढणं. हातानं सांधे आणि स्नायू हलवण्याची ही विद्या. एप्रिल २०१९ पासून सरकारी विम्यात आहे, एका माणसाला वर्षाला वीस वेळा. विम्याच्या कागदांत चुनाचे तीन प्रकार केले आहेत आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं ही विभागणी फार कामाची आहे. ‘साधा’ चुना: स्नायू मोकळे करणं, सांधा हळूहळू हलवणं, हलका ताण देणं. ‘गुंतागुंतीचा’ चुना: सांध्याला छोटा, वेगवान झटका देणं, ज्यात कट्‌कन आवाज येतो. ‘विशेष’ चुना: निखळलेला सांधा बसवणं.

मान वळवून दिलेला झटका नेमका कुठे पोचतो? हालचाल जिथे सगळ्यात जास्त होते तिथे, म्हणजे कडी आणि खुंटीच्या जोडीवर. तिथे आधीच चीर असेल तर झटका ती पुरी करू शकतो, मोडलेला तुकडा मागे सरकू शकतो, आणि मागे मज्जारज्जू आहे. चीर नसली तरी पोखरलेल्या हाडाला वेगवान झटका देण्यात शहाणपण नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली कायरोप्रॅक्टिकसाठी, म्हणजे चुनाच्या पाश्चात्त्य चुलतभावासाठी, सुरक्षिततेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ताजा अस्थिभंग असताना आणि या खुंटीची जडण मुळातच कच्ची असताना झटका द्यायला मनाई आहे. इथे मी गुळमुळीत बोलणार नाही: हाडं ठिसूळ आहेत हे माहीत असेल किंवा तसा दाट संशय असेल, तर मानेला झटक्याचा चुना नको. अस्थिभंग नाही हे कळल्यावर, काही आठवड्यांनी, हलक्या हातानं स्नायू मोकळे करणं वेगळी गोष्ट. त्याला विरोध करण्याचं कारण नाही.

पूर्व आशियात आणखी एक छुपी अडचण बरीच आढळते. मणक्यांच्या मागच्या बाजूनं, मज्जारज्जूला लागून जाणारा अस्थिबंध काही जणांत हळूहळू हाडासारखा कडक आणि जाड होतो. जपानी लोकांत इतका दिसायचा की एकेकाळी त्याला जपानी रोगच म्हणत. कोरियातही दुर्मीळ नाही. अशा माणसाच्या मज्जारज्जूला आधीच जागा अरुंद. तोंडावर पडून मान मागे गेली की हाड न मोडताही रज्जूला मुका मार बसतो आणि पायांपेक्षा हातच जास्त लुळे पडतात. बाई चालत दवाखान्यात येते पण सदऱ्याचं बटण लावता येत नाही. हे बटण फार मोलाचं लक्षण आहे. मान थोडी झुकवल्यावर पाठीतून वीज गेल्यासारखं वाटणं हेही त्याच घरचं.

मानेच्या झटक्यानं रक्तवाहिनीचा आतला थर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदीही जगभर आहेत. प्रमाण कमी आहे, आणि काही रुग्णांत वाहिनी आधीच फाटलेली असते आणि त्यामुळेच मान दुखत असते, असंही तज्ज्ञ म्हणतात. दोन्ही शक्यतांत सल्ला तोच राहतो. आणि आपण फार लांब पाहायला नको: केस कापून झाल्यावर खुर्चीतच मान कडाकडा मोडून घेण्याची आपली हौस याच जातीची. साठीच्या पुढच्या काकांनी न्हावीदादांना एवढ्यापुरतं हात जोडून नाही म्हणावं.

सुया. इथे बातमी पुष्कळ बरी आहे. सुई स्नायूत जाते, हाड मोडण्याशी तिचा संबंध नाही; ठिसूळ हाडं म्हणजे सुया वर्ज्य, असा नियम नाही. जर्मनीत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अवाढव्य पाहणीत २,२९,२३० रुग्णांची नोंद होती. ८.६ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला, बहुतेक रक्ताचा थेंब, काळानिळा डाग किंवा दुखणं. सुई फुप्फुसापर्यंत जाऊन हवा बाहेर पडल्याची उदाहरणं होती दोन. सव्वादोन लाखांत दोन. पण हे सगळे प्रशिक्षित डॉक्टरांकडचे आणि बहुतांशी जुनाट दुखण्याचे रुग्ण होते. काल पडलेली आजी त्यात शोधून सापडायची नाही.

जागेचं भान मात्र हवं. मान आणि खांदा यांच्या मधल्या मांसल भागात एक लाडकं ठिकाण आहे, ‘ग्यॉनजॉंग’, म्हणजे खांद्यावरची विहीर. मानदुखीला तिथे हमखास सुई पडते. या विहिरीच्या तळाशी फुप्फुसाचं टोक आहे. पाठीला पोक आलेल्या, मांस झडलेल्या म्हाताऱ्या शरीरात विहीर उथळ होते. तिथे सुई आडवी आणि वरवर हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मानेच्या मध्यरेषेत खोल सुई नको. मज्जारज्जूभोवती रक्त साकळल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्या आहेत.

गंमत म्हणजे याला उत्तर कोरियन परंपरेतच आहे. जोसॉन या जुन्या राजवटीच्या काळातल्या साआम नावाच्या भिक्षूच्या नावानं चालणारी एक पद्धत कोपराच्या आणि गुडघ्याच्या खालीच सुया लावते. मान आखडण्यासाठी हातावर ठिकाणं आहेत. म्हणजे मानेला गळपट्टा असतानाही, मान तसूभर न हलवता, हाता-पायावर सुया घेता येतात. त्यानं किती बरं वाटतं हा प्रश्न निराळा. आपण सुरक्षिततेबद्दल बोलतोय, आणि त्या हिशेबानं हा पर्याय फार सोयीचा.

सुईपेक्षा पलंगाची काळजी मला जास्त वाटते, आणि ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मानेच्या मागे सुया लावायच्या तर रुग्णाला पालथं झोपवतात. पोक आलेल्या बाईला पालथं झोपवणं म्हणजे मान आपोआप मागे ताणणं. चीर असेल तर तेवढंही नको. मग वीस मिनिटं गरम गादीवर पडून राहायचं, रक्तदाब खाली, आणि पडदा सरकवून मदतनीस म्हणते, झालं, उठा. उठताना चक्कर येऊन पुन्हा पडली तर या खेपेला खुबा मोडायचा. बसून किंवा कुशीवर उपचार, आणि उठताना हाताला धरणारं कुणीतरी.

‘याकचिम’ म्हणजे औषधी अर्क सुईनं टोचणं. त्यातला ‘बोंगचिम’ हा मधमाशीच्या विषाचा. कोरियात तो लोकप्रिय आहे आणि मानदुखीसाठीही देतात. त्याचा हाडांशी नव्हे, ॲलर्जीशी संबंध. २०१८ साली एका तरुण स्त्रीचा या टोचणीनंतर तीव्र ॲलर्जीनं मृत्यू झाला आणि देशभर खळबळ उडाली. आधी त्वचेवर चाचणी घेतली का, आणि ॲड्रिनलिनचं इंजेक्शन हाताशी आहे का, हे दोन प्रश्न विचारायला लाजू नये. याआधी एकदा घेतलं तेव्हा काही झालं नव्हतं, हे कारण चालत नाही. ॲलर्जी पहिल्या डंखानंतर तयार होते आणि पुढच्या खेपेला उफाळते.

हवा ओढून कातडीला चिकटवायचे पेले लावणं आणि दवण्यासारख्या पाल्याचा शेक यांबद्दल थोडक्यात: म्हातारी कातडी कागदासारखी, तिला फोड लवकर येतात आणि भरून निघायला वेळ लागतो. कोरियन वैद्य अपघातानंतर ‘ऑह्यॉल’ म्हणजे साकळलेलं रक्त दुखतं असं मानतात, आणि ते काढायला पेल्याखाली टोचे मारतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते आधी सांगावं.

उरला काढा. काढ्यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. काढ्यानं हाड बळकट होतं का, हा पहिला. परंपरेत मूत्रपिंड हाडांचं धनी मानतात, म्हणून हरणाचं कोवळं शिंग, दुचुंग झाडाची साल, ‘हाडाचे तुकडे सांधणारी’ असं नावच असलेली नेच्याची मुळी, करडईचं बी अशी औषधं देतात. नैसर्गिक पायराइट, म्हणजे चमचमता लोखंडी खडक, तोही कुटून अस्थिभंगावर देत आले आहेत. करडईचं नाव वाचून सोलापूर-लातूरकडचे वाचक खूश होतील, पण घाई नको. यांपैकी कित्येकांवर प्रयोग झालेत ते मुख्यतः अंडाशय काढलेल्या उंदरिणींवर आणि काचेच्या बशीतल्या पेशींवर. माणसांत अस्थिभंग टाळल्याचा भक्कम पुरावा ज्या औषधांपाशी आहे, ती आधुनिक औषधंच.

दुसरा प्रश्न: काढा त्या औषधांच्या आड येतो का? येऊ शकतो, अगदी साध्या कारणांनी. आठवड्याला एक घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावं लागतं. सकाळी उठल्याउठल्या काढ्याची पुडी फोडून तिच्याबरोबरच गोळी गिळली तर गोळी वाया. त्या काढ्यात शिंपल्याचं चूर्ण किंवा ‘ड्रॅगनचं हाड’ म्हणतात ती अश्मीभूत हाडं असतील तर विशेषच, कारण दोन्ही कॅल्शियमनं भरलेली. कोरियन काढ्यांत ज्येष्ठमध फार असतो; तो जास्त दिवस, जास्त प्रमाणात पोटात गेला की रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं आणि पायांतलं बळ जातं. पायांतलं बळ गेलं की माणूस पडतो. आणि सगळ्यात घातक म्हणजे ‘आता काढा सुरू केलाय, ते इंजेक्शन राहू दे’ हा विचार. हाडांची झीज रोखणाऱ्या डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असतं. ते लांबवलं तर हाडांची झीज उसळी मारून परत येते आणि एकाच वेळी दोन-तीन मणके बसू शकतात.

शेवटी पुराव्याबद्दल. २०२१ साली ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात जुनाट मानदुखीवर चुना आणि नेहमीचे उपचार यांची तुलना छापून आली. १०८ रुग्ण, पाच आठवडे, आणि चुनाचा गट सरस ठरला. चांगला अभ्यास आहे. पण त्याच्या शीर्षकातच ‘विशिष्ट कारण नसलेली’ मानदुखी असं आहे. म्हणजे ज्यांच्या दुखण्यामागे अस्थिभंगासारखं काही गंभीर कारण आहे ते आधीच चाळणीत बाजूला झाले. जाहिरातीत हा अभ्यास दाखवून कुणी म्हणालं ‘बघा, सिद्ध झालंय’, तर ते सिद्ध झालंय आजीच्या सुनेसाठी, जिची मान दिवसभर संगणकासमोर बसून दुखते. आजीबद्दल त्यात काही नाही.

फोटोत खुंटी मोडलेली निघाली तर? पुष्कळ वृद्धांना कडक गळपट्टा आणि वाट पाहणं यावर ठेवतात, काहींना शस्त्रक्रिया लागते. तो निर्णय मणक्याच्या शल्यविशारदाचा. फोटो स्वच्छ निघाला तर आजी तिच्या वैद्यबुवांकडे खुशाल जाऊ दे. चांगला हानुइसा तिला आधी फोटोसाठी परत पाठवतो ते तिला गमावण्यासाठी नव्हे. पलंगावरून उठताना ती दोन्ही हातांनी डोकं धरून उठतेय हे पाहिलं, की सुयांचा डबा बंद करून टॅक्सी बोलावणारे वैद्य तिथेही असतातच. डोकं असं हातांनी सावरणं हे वरच्या मणक्यांच्या इजेचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे.

सुवोनला, सोलला नोकरी करणाऱ्या मुलांकडे महिना-दोन महिने राहायला जाणारे आपल्याकडचे आई-बाबा आता कमी नाहीत. त्यांच्यासाठी तीन कोरियन वाक्यं कागदावर लिहून पाकिटात ठेवता येतील. ‘गोल्दागोंग्जुंगी इस्सॉयो’: माझी हाडं ठिसूळ आहेत. ‘चुनानुन हाजी मासेयो’: चुना नको. आणि तिसरं, जे सगळ्यात आधी सांगायचं आणि जे म्हातारी माणसं कुठल्याही देशात लपवतात, मुलं रागावतील म्हणून, फिरणं बंद करतील म्हणून: ‘नॉमॉज्यॉस्सॉयो’. मी पडले.